दोन चापट्या

आतून

तंबू गळतो की नाही हे तपासायला दोन माणसं लागतात. एक आत बसतं, दुसरं बाहेरून नळीने पाणी मारतं. आत थेंब दिसला की आतल्याने त्या जागी कापडावर चापटी मारायची आणि बाहेरच्याने कापड हललं तिथे मेणाच्या खडूने गोल करायचा. पाण्याच्या माऱ्यात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ही पद्धत. एक चापटी म्हणजे इथे गळतंय. लागोपाठ दोन म्हणजे थांब, पाणी बंद कर, मला बाहेर यायचंय.

आमच्या वर्कशॉपमध्ये आत मी बसते. नळी धाकट्या भावाकडे. त्याला घरात बारक्या म्हणतात. नाव ठेवलं तेव्हा तो खरंच बारका होता. आता दारातून येताना खांदा तिरका करतो.

त्या दुपारी मी हिरव्या तंबूत मांडी घालून बसले होते. वर पाणी आपटत होतं. आतला उजेड शेवाळाच्या रंगाचा. जुन्या कॅनव्हासला एक कुबट वास असतो, तो इथे नव्हता. वास लोखंडाचा होता, जीभ चावल्यावर तोंडात येते त्या चवीसारखा. मी चारी कोपरे पाहिले, शिवणींवरून बोट फिरवलं. सगळं कोरडं. इतका नीट शिवलेला तंबू बऱ्याच दिवसांत हाताखाली आला नव्हता. मी हात मांडीवर ठेवले आणि नुसती ऐकत बसले.

पाणी अचानक बंद झालं.

मी चेन ओढून बाहेर आले. "का बंद केलंस?"

"तूच दोन मारल्यास."

"मी?"

"आणि त्याआधी किती मारल्यास! गोल काढून काढून खडू संपला. तंबू आहे का चाळण?"

तंबूच्या मागच्या भिंतीवर पांढरे गोल होते. एकमेकांत अडकलेले. सगळे खाली, गुडघ्याच्या उंचीवर, आणि कोपऱ्याकडे जाताना दाट होत गेलेले.

"बारक्या, मी एकही चापटी मारली नाही."

"मग काय भुताने मारल्या?"

"आत जा, बघ. एक थेंब नाही."

तो वाकून आत गेला. हाताने खालचं कापड चाचपल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. तो आवाज मला ओळखीचा आहे. "माझी मस्करी करतेस का, ताई?" असं म्हणत त्याने बादलीला लाथ घातली. बादली भिंतीवर आपटून फुटली आणि तिचा एक तुकडा माझ्या पायाशी येऊन फिरत राहिला.

"हात," मी म्हटलं.

"खिशातच आहेत."

खरंच होते. वर्षभर तो हेच करत होता: राग आला की हात खिशात. साधे खिसे आठवड्यात फाटायचे, आत मुठी वळतात ना, म्हणून मी त्याच्या सगळ्या पँटींना कॅनव्हासचे दुहेरी खिसे लावून दिले होते.

थोड्या वेळाने तो हसला. "नवी बादली आणतो."

बाहेरून

तळ्याकाठच्या सहलीला दुसरा तंबू का घेतला नाही, हे कोणीही विचारेल. सुट्ट्या होत्या, आमच्याकडचे सगळे तंबू भाड्याने गेले होते. मांडणीवर हा एकच उरला होता, आणि तीन माणसं मावतील असा. एक बाई गाडी चालूच ठेवून तो टाकून गेली होती. काय शिवायचंय, असं मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही. फक्त ठेवून घ्या." परत आली नाही.

आणि ही सहल पुढे ढकलण्यासारखी नव्हती.

भावजय दीड वर्षापासून तिच्या आईकडे होती. बारक्याने तिचा एक हात दाराच्या फटीत धरून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने दार लावलं होतं. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही आठवत नाही. करंगळी जुळली, पण वाकडीच. बाहेरच्या बाजूला गेलेली, पहिल्याच घावाला दगड लागलेल्या खुंटीसारखी. कप धरला की ती करंगळी एकटी बाजूला उभी राहते. त्यांची खोली माझ्या मशीनच्या भिंतीपलीकडे. जाड कापडाचं मशीन आहे, चालू असलं की शेजारचं काही ऐकू येत नाही.

एवढ्या दिवसांनी ती दोन दिवस तळ्याकाठी राहायला कबूल झाली होती. ताई सोबत असतील तर. "नीट गेलं तर घरी येईन," ती मला फोनवर म्हणाली. "नाही गेलं तर पुन्हा कधी विचारू नका." बारक्या रोज दाढी करायला लागला होता.

म्हणून सकाळी मी म्हटलं, "आज तू आत बस. नळी मी धरते."

"भुताला काही सांगू का?"

"सांग, हळू मार म्हणावं."

तो आत गेला. मी पाणी सोडलं. कापड भिजून काळं झालं, ताणलं. मी छतावर मारलं, पुढच्या भिंतीवर मारलं, मग मागे आले.

खालच्या कोपऱ्यात कापड आतून उचललं गेलं. ओलं कापड हातावर घट्ट बसतं, तळहात स्पष्ट दिसतो. लहान हात होता. चार बोटं जवळजवळ आणि करंगळी लांब, बाहेरच्या बाजूला गेलेली.

हात मागे गेला. पुन्हा आला. पुन्हा. एकेक चापटी कालच्या एकेका गोलात.

मग दुसरा हात आला, पहिल्याच्या वर, आणि तो मारत नव्हता. त्याची बोटं आखडलेली होती. डोक्यावर हात धरतात तशी.

मला तेव्हा गोलांची उंची कळली. कोपऱ्यात पाठ लावून खाली बसलेल्या माणसाची उंची.

लागोपाठ दोन. लागोपाठ दोन. लागोपाठ दोन.

मी नळी टाकली आणि धावत पुढे जाऊन चेन ओढली. बारक्या मधोमध उताणा पडला होता, हात डोक्याखाली, डोळे मिटलेले. "एवढ्यात झालं?" तो म्हणाला. "छान वाटत होतं. एक थेंब नाही, ताई. उगाच घाबरवलंस काल."

खडू माझ्या हातात होता. मी तो ओच्यात टाकला.

"गळत नाही," मी म्हटलं. "घडी घाल."

बाहेरून

गाडी बारक्या चालवत होता. भावजय मागे माझ्या शेजारी बसली होती आणि तंबूची पिशवी आम्हा दोघींच्या पायाशी होती. तिने बूट पिशवीला लागू दिले नाहीत. सगळी वाट पाय आखडून बसली.

"झोपायचं कसं?" तिने विचारलं. "मधे ताई?"

"मधे मी."

"घोरता का ओ?"

"घोरते."

"बरं झालं. जागं राहायला मदत."

बारक्या पुढून मोठ्याने हसला, जरा जास्तच. मग पिशवीच्या तोंडातून दिसणारे पांढरे गोल तिने पाहिले आणि ते कसले ते विचारलं. मी तिला आमची पद्धत सांगितली. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय.

"दोन मारल्या की थांबतात?"

"थांबायचंच. नियमच आहे तसा."

"किती सोपं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही."

बारक्याचे हात स्टिअरिंगवर होते. खिशात घालता येत नव्हते. त्याच्या मानेवरची शीर मी वळण संपेपर्यंत बघत राहिले.

तळ्याकाठी उतरलो तेव्हा ऊन अजून होतं. पाणी सपाट, पलीकडे झाडांची रांग, माणूस कोणी नाही. जागा चांगली होती पण जमीन वाईट. वर बोटभर माती, खाली खडक. बारक्याने पहिली खुंटी लावली, हातोडी मारली, खुंटी वाकली. सरळ केली, मारली, पुन्हा वाकली. तिसऱ्या घावाला तिचं डोकं उडालं. तो थांबला नाही. खुंटी नव्हती तरी तो त्याच जागी मारत राहिला, दोन्ही हातांनी, दात आवळून. दगडाच्या कपच्या उडत होत्या. एक माझ्या हनुवटीला लागली आणि रक्त गळ्यापर्यंत आलं.

"हात!" मी ओरडले.

त्याने हातोडी टाकली आणि हात खिशात घातले. कॅनव्हासच्या आत मुठी दिसत होत्या. "ताई, लागलं का गं? सॉरी. सॉरी हं." मग बायकोकडे बघून म्हणाला, "दगडाला मारत होतो."

"हो," भावजय म्हणाली. "दगडालाच."

तिने हातोडी उचलली. जागा चार बोटं सरकवली, खुंटी तिरकी धरली आणि मारायला सुरुवात केली. वाकड्या करंगळीमुळे दांडा तिच्या मुठीत पुरता बसत नव्हता. तरी एकही घाव चुकला नाही. एक खुंटी, दुसरी, तिसरी. डोकं जमिनीला टेकल्यावरही ती मारत राहायची.

"अगं पुरे. काढताना निघणार नाही."

"काढायचीय कुठे?"

तिला घाम आला होता आणि ती छान दिसत होती. मला बरं वाटलं, हेही सांगते. वाटलं, जमतंय. बारक्या मधला खांब घेऊन आत शिरला. त्याच्या मागे भावजयीने वाकून चेन लावली.

"डास येतील," ती म्हणाली.

डास नव्हते.

आतून

माहीत नाही. मी बाहेर होते.

बाहेरून

खांब उभा राहिला, छत वर गेलं, कापड ताणलं. बारक्या आत शीळ घालत होता.

मागच्या कोपऱ्यात चापटी पडली. गोलात.

"गळतंय का?" भावजयीने विचारलं. आभाळ कोरडं होतं.

अजून एक. हाताचा आकार तिने पाहिला. ती जवळ गेली, स्वतःचा हात वर करून त्याच्याकडे बघितलं, मग कापडाकडे. ती दचकली नाही. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसा तिचा चेहरा झाला.

शीळ थांबली.

"कोण आहे?" बारक्या म्हणाला. मग, "तू आत कधी आलीस?"

मग आवाज आला. ओला कॅनव्हास लाकडावर झोडपतो तसा. पुढची भिंत फुगली, त्यात बारक्याचा खांदा उमटला आणि मागे गेला. डावी भिंत फुगली, त्यात त्याचं डोकं. खांब मोडला. छत खाली आलं आणि त्याच्याखाली तो एका भिंतीवरून दुसरीवर आपटत होता, एवढा मोठा माणूस, गाठोड्यासारखा. दोऱ्या करकरल्या. खुंट्या एक तसूही हलल्या नाहीत.

मी चेन ओढली. रोज चेना दुरुस्त करते मी. अडकलेली चेन कशी लागते ते हाताला कळतं. ही अडकलेली नव्हती. आतून कोणीतरी धरली होती.

आतून

चापटी, चापटी.

मोठा हात. पाच बोटं पसरलेली.

चापटी, चापटी.

बाहेरून

चेहऱ्याच्या उंचीवर कापडाला डाग पडला. ओला, वाढणारा. जो तंबू एक थेंब आत येऊ देत नव्हता, त्यातून बाहेर यायला लागलं होतं.

माझ्या पिशवीत कात्री होती. मी ती काढली, कापडाला टोक लावलं.

भावजयीने माझं मनगट धरलं.

"थांबा, ताई."

"तो मरेल!"

"मी नाही मेले."

आतून

चापटी, चापटी.

बाहेरून

तिने दुसरा हात कापडावर ठेवला. मोठ्या हातावर, तळव्याला तळवा. तिने बोटं सरकवून त्याची करंगळी शोधली.

"दोन म्हणजे थांब ना?" तिने मला विचारलं.

"हो! हो गं!"

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली आणि दाबलं.

आतून

कटकन.

बाहेरून

चेन आपोआप सैल झाली.

बारक्या मागच्या कोपऱ्यात होता. पाठ कोपऱ्याला लावून, गुडघे छातीशी, एक हात डोक्यावर. ओठ फाटला होता, एक दात खालच्या कापडावर पडला होता. उजवा हात त्याने स्वतःपासून लांब धरला होता, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. करंगळी बाहेरच्या बाजूला गेली होती.

आत दुसरं कोणी नव्हतं.

"मी दोन मारत होतो," तो म्हणाला. शब्द नीट येत नव्हते. "ताई, मी दोन मारत होतो. तुम्ही थांबला का नाहीत?"

दवाखान्यात डॉक्टरने फोटो दिव्यासमोर धरला. "हात दारात सापडला का?"

"तंबूत होतो," बारक्या म्हणाला.

"नाही, असं बोट दारातच मोडतं. कोणीतरी दार जोरात लावलंय." डॉक्टर आमच्या दोघींकडे बघत राहिला.

भावजय खिडकीशी उभी राहून पाणी पीत होती.

भिंतीच्या अलीकडून

ती घरी आली. म्हटल्याप्रमाणे. बॅग घेऊन आली, खोली झाडून घेतली, पडदे बदलले. शेजारीपाजारी मला म्हणतात, तुम्हीच जुळवून आणलंत. बारक्या आता ओरडत नाही. नळी डाव्या हाताने धरतो. बोलावलं की लगेच येतो, आणि येण्याआधी दारात थोडा थांबतो.

तंबू तिने मागून घेतला. "कापड चांगलं आहे, ताई. मांडणीवर पडून काय करायचं?" तो खोलीत गेला. तिथे त्याचं काय केलंय ते मी विचारलं नाही.

दुपारी बारक्या खोलीत असतो आणि ती माझ्या मशीनपाशी येऊन बसते. जड कापड ओढायला दुसरं माणूस लागतंच. आज तिने तिचा कुर्ता आणला होता.

"याला खिसे लावून द्याल?"

"लावते की. कसले?"

"तसलेच. कॅनव्हासचे. दुहेरी."

मी वर बघितलं. ती कापडावर बोट फिरवत होती.

"बारक्याला लावले होते ते?"

"त्याचे उसवलेत तरी चालेल," ती म्हणाली. "त्याला आता लागत नाहीत."

माप घ्यायला मी तिचा हात कॅनव्हासवर पालथा ठेवला आणि भोवतीने खडू फिरवला. खडू करंगळीपाशी आला. ती वाकडी असणार म्हणून मी तो बाहेरच्या बाजूला वळवायला गेले आणि रेघ चुकली. करंगळी तिथे नव्हती. ती बाकीच्या बोटांशेजारी होती, सरळ, जवळ, कधी काही न झालेल्या बोटासारखी.

मी कापड सुईखाली घेतलं आणि एक बाजू शिवली. टोकाला पोचून सुई वर घेतली, तेव्हा मशीन बंद होतं.

भिंतीपलीकडे चापटी पडली. भिंतीवरची नव्हे, ताणलेल्या ओल्या कापडावरची. मग लगेच दुसरी.

भावजय माझ्यासमोर बसली होती. दोन्ही हात तिने मांडीखाली घेतले होते आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकून ती पुढे झुकली होती. तिच्या कपाळावर घाम होता. दंडापासून खांद्यापर्यंत ती हलकेच हलत होती, कोणीतरी हात ओढत असल्यासारखी.

चापटी, चापटी.

"मशीन थांबवू नका, ताई," ती म्हणाली. "खिसे आधी पुरे करा."

मी पाय पेडलवर ठेवला.